रेटिना स्क्रीनवर रिझोल्यूशन निम्मं का दिसतं? आणि व्हिडिओचं काय होतं?

जून 2012 मध्ये अ‍ॅपलने रेटिना स्क्रीन असलेला 15 इंची मॅकबुक प्रो आणला. एका आडव्या ओळीत 2880 पिक्सेल आणि अशा 1800 ओळी, म्हणजे जवळपास 52 लाख पिक्सेल. पण डिस्प्ले सेटिंग उघडली की तिथे 1440×900 असा आकडा दिसतो. मग बाकीचे पिक्सेल गेले कुठे?

कुठेच नाही. ते सगळे कामाला लागलेले असतात. एका इंचात 220 पिक्सेल असलेल्या स्क्रीनवर जुन्या हिशोबाने अक्षरं काढली, तर ती वाचायला भिंग लागेल. म्हणून जिथे पूर्वी एक ठिपका असायचा, तिथे सिस्टिम दोन आडवे, दोन उभे असे चार पिक्सेल वापरते. अक्षराचा आकार तोच राहतो, कडा मात्र रेखीव होतात. थोडक्यात, 1440×900 हा आकडा मजकूर किती मोठा दिसेल ते सांगतो, किती बारीक दिसेल ते नाही.

जास्त जागा हवी म्हणून तुम्ही 1680×1050 निवडलं, तर गंमत होते. सिस्टिम आतल्या आत 3360×2100 चं चित्र तयार करते आणि ते आक्रसून 2880×1800 मध्ये बसवते. ग्राफिक्स चिपचं काम वाढतं, रेखीवपणा किंचित कमी होतो. रोजच्या वापरात बहुतेकांना तो फरक जाणवणारही नाही.

व्हिडिओला मात्र हा दुपटीचा नियम लागत नाही. तो थेट खऱ्या पिक्सेलवर पसरतो. 1920×1080 चा व्हिडिओ फुल स्क्रीन केला की दीडपट होऊन 2880×1620 जागा व्यापतो आणि वर-खाली 90-90 ओळींची काळी पट्टी राहते. वाढलेल्या पिक्सेलचे रंग शेजारच्यांवरून अंदाजाने भरले जातात. मुळात चित्रित न झालेला तपशील कुठलीही स्क्रीन आणून देऊ शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा वेळा फॉरवर्ड झालेली क्लिप इथे जास्तच पुसट वाटते, कारण शेजारची अक्षरं सुरेख असतात. व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना मात्र ही स्क्रीन सोयीची: फुल एचडी चित्र मूळ आकारात ठेवूनही टाइमलाइनला जागा उरते.

विंडोजच्या लॅपटॉपवर एक चूक सर्रास दिसते. अक्षरं बारीक वाटतात म्हणून 1920×1080 ची स्क्रीन लोक 1366×768 वर आणून ठेवतात. अक्षरं मोठी होतात, पण सगळंच धुरकट दिसतं. फुल एचडी व्हिडिओही आधी लहान केला जातो आणि मग पुन्हा ताणला जातो. त्याऐवजी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडा. रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलेलं आहे तेच राहू द्या आणि 'स्केल' 125 किंवा 150 टक्के करा.