एकावर एक 'च'

स्पॅनिश शिकणाऱ्याला 'मिस्मो' हे विशेषण सुरुवातीलाच भेटतं आणि पुढे बरेच दिवस छळतं. 'एल रेय मिस्मो' म्हणजे खुद्द राजा. 'एल मिस्मो रेय' म्हणजे बहुधा तोच राजा. पण बोलणाऱ्याच्या मनात असेल तर इथेही खुद्द राजाच. नामानंतर बसलेला 'मिस्मो' मात्र 'तोच'चं काम करत नाही.

लॅटिनमध्ये ही भानगड नव्हती. 'तोच'साठी 'ईदेम', 'खुद्द'साठी 'इप्से'. शिवाय सर्वनामाला जोडायला 'मेत' हे शेपूट होतं. 'एगो' म्हणजे मी, 'एगोमेत' म्हणजे मीच. अगदी आपला 'च'. तेवढ्यानं भागलं नाही की 'एगोमेत इप्से', मीच स्वतः. बोलण्याच्या ओघात हा 'मेत' आपल्या सर्वनामापासून सुटला आणि पुढच्या 'इप्से'च्या डोक्यावर जाऊन बसला. आपण 'मी चस्वतः' म्हणू लागावं, तसं.

तरी हौस फिटेना. 'स्वतः'ला 'तम' लावता येतो का? रोमन लोकांनी लावला. प्लाउतुसच्या 'त्रिनुम्मुस' या नाटकात परदेशाहून परतलेल्या म्हाताऱ्याला एक भामटा पुन्हापुन्हा विचारतो, तो तूच का? शेवटी म्हातारा उत्तरतो, 'इप्सिस्सुमुस', म्हणजे 'स्वतःतम'! पेट्रोनियसच्या कादंबरीत तर गुलामगिरीतून सुटलेला माणूस आपल्या जुन्या धन्याला 'इप्सिमुस' म्हणतो. नवऱ्याचं नाव न घेता 'हे' म्हणणाऱ्यांना त्यातली खोच लगेच कळेल.

'मेत' आणि 'इप्सिमुस' मिळून 'मेतिप्सिमुस' झाला असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. झिजत झिजत त्याचा फ्रेंचमध्ये 'मेम' झाला, इटालियनमध्ये 'मेदेझिमो', स्पॅनिशमध्ये 'मेस्मो' आणि 'मिस्मो'. 1605 च्या 'दोन किखोते' या कादंबरीत ही दोन्ही रूपं सापडतात. 'मेस्मो' आज खेडवळ समजला जातो. या झिजण्याच्या काळात 'ईदेम' बोलीतून गेला आणि त्याचंही काम 'मिस्मो'च्या गळ्यात पडलं. दोन पदं, माणूस एक. म्हणून तर जागेवरून अर्थ ओळखायची ही कसरत.

लिंगवचन सांभाळावं लागतं ते वेगळंच: राणी आली की 'ला रेयना मिस्मा'. 'आओरा मिस्मो', म्हणजे आत्ताच, अशा ठिकाणी मात्र तो बदलत नाही. तिथे तो पुन्हा निव्वळ 'च' असतो.

इतके 'च' पोटात घालूनही स्पॅनिश माणसाला कधी कधी तो अपुरा वाटतो. मग तो त्याला पुन्हा एकदा 'तम' लावतो: 'एल मिस्मीसिमो रेय'.