वारा, मनगट आणि रस्ता

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींची तुलना करणारा कोणताही तक्ता उघडला, की त्यात इंजिनाचे सीसी, अश्वशक्ती, वजन, टाकीत मावणारे पेट्रोल आणि सीटची उंची हे सगळे आकड्यांत सापडते. आरामाच्या रकान्यात मात्र गुण दिलेले असतात : पाचपैकी चार, दहापैकी आठ. हे गुण कोणत्या रस्त्यावर, किती वेगाला मिळाले, याचा उल्लेख क्वचितच असतो. 'स्पोर्ट टूरर' म्हणजे वेगही हवा आणि दिवसभराचा प्रवासही हवा, अशा दुहेरी मागणीतून जन्मलेल्या मोटारसायकलींचा इतिहास पाहिला, तर हा राहून गेलेला तपशीलच सर्वांत महत्त्वाचा होता असे दिसते.

आधी शरीराचा हिशेब मांडू. मोटारसायकलस्वाराचे वजन तीन ठिकाणी वाटले जाते : सीट, पायाखालचे फूटरेस्ट आणि हँडल. सरळ ताठ बसले तर बहुतेक भार सीटवर, म्हणजे बैठकीच्या हाडांवर आणि कण्यावर येतो. खड्ड्याचा प्रत्येक धक्का तिथूनच वर चढतो. पुढे झुकून बसले तर कण्याला थोडी सुटका मिळते, पण मनगटे भार उचलू लागतात. इथे चौथा घटक येतो, तो म्हणजे वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी 120 किलोमीटरला छातीवर येणारा रेटा 60 च्या चौपट असतो. ताठ बसलेल्या स्वाराला हा रेटा मागे लोटतो आणि त्याला हँडल घट्ट धरून लटकावे लागते. झुकून बसलेल्याला मात्र तोच वारा छातीखाली उशीसारखा आधार देतो आणि मनगटांवरचा भार उतरतो. म्हणून एकच गाडी 120 ला सुखाची आणि 40 ला जाचाची असू शकते. सीट किती मऊ आहे, हा प्रश्न यानंतरचा.

वाऱ्याचा बंदोबस्त कारखान्यातच करून द्यावा, हा विचार इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट यांनी धाडसाने अमलात आणला. जगातील सर्वांत वेगवान मोटारसायकलींसाठी त्यांची स्टीव्हनेजची कंपनी प्रसिद्ध होती. 1954 च्या अखेरीस त्यांनी 'ब्लॅक प्रिन्स' लोकांपुढे आणली. 998 सीसीचे इंजिन, त्याभोवती फायबरग्लासचे काळे आवरण, पुढे काच आणि पायांसमोर आडोसा. साध्या कपड्यांत, चिखल न उडता, वेगाने दूरवर जाता यावे, ही कल्पना होती. पण व्हिन्सेंटचे ग्राहक इंजिनावर प्रेम करणारे होते आणि नेमके तेच झाकले गेले होते. शिवाय गाडी महाग होती आणि कंपनी तोट्यात होती. डिसेंबर 1955 मध्ये व्हिन्सेंटच्या मोटारसायकलींचे उत्पादन थांबले. कल्पना चुकीची नव्हती, पण ती ज्या रस्त्यासाठी होती तो रस्ताच तिथे नव्हता. इंग्लंडचा पहिला मोटरवे 1958 मध्ये खुला झाला.

असा रस्ता जर्मनीत होता. ऑटोबानच्या बऱ्याच भागांवर वेगमर्यादा नाही. 1974 पासून ताशी 130 किलोमीटरची शिफारस आहे, पण ती शिफारसच. बीएमडब्ल्यूने 1973 मध्ये काढलेली 'आर 90 एस' ताशी 200 च्या आसपास पोहोचत होती. तिच्या हेडलाइटभोवती एक छोटे आवरण होते. तासन्‌तास अशा वेगाने जायचे तर तेवढे पुरेसे नव्हते. डिझायनर हान्स मूट आणि त्यांचे सहकारी पुढच्या गाडीचा नमुना घेऊन इटलीत पिनिनफरिनाच्या वातबोगद्यात गेले. तिथे मोठ्या पंख्यांचा वारा सोडून आवरणाचा आकार ठरवला गेला. त्यातून 1976 ची 'आर 100 आरएस' आली : 980 सीसी, 70 अश्वशक्ती आणि चासीला पक्के बसवलेले पूर्ण आवरण, म्हणजे फेअरिंग. ते हँडलवर न बसवता चासीवर बसवल्यामुळे वाऱ्याचा झोत हँडल हलवत नसे आणि पुढचे चाक वेगातही जमिनीला धरून राही. स्पोर्ट टूररची वंशावळ बहुतेक जण इथूनच सुरू करतात.

आता यातली गोम पाहा. आर 100 आरएसचे हँडल अरुंद आणि खाली होते. ऑटोबानवर ते योग्य होते, पण शहरात, सिग्नलला थांबत-थांबत जाताना सगळा भार मनगटांवर येई. 1978 मध्ये बीएमडब्ल्यूनेच त्याच इंजिनावर 'आर 100 आरटी' काढली, रुंद फेअरिंगची आणि उंच हँडलची. इंजिन एकच, बनवणारे एकच, तरी आराम दोन तऱ्हांचा. यांपैकी 'अधिक आरामदायी कोणती' या प्रश्नाला वेग सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

अमेरिकेत याच सुमारास उलट घडत होते. तेलसंकटानंतर 1974 मध्ये तिथे देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची मर्यादा आली आणि ती 1987 पर्यंत जवळजवळ सर्वत्र टिकली. रस्ते सरळ, अंतरे अफाट, वेग बेताचा. त्याच 1974 मध्ये होंडाने कोलोनच्या प्रदर्शनात 'गोल्डविंग' दाखवली : 999 सीसी, चार सिलिंडर, चेनऐवजी शाफ्ट. ती वाऱ्याला उघडी होती. अमेरिकी स्वारांनी ती घेतली आणि तिच्यावर क्रेग व्हेटर या इलिनॉयच्या डिझायनरची 'विंडजॅमर' फेअरिंग बसवायला सुरुवात केली. 1980 मध्ये होंडाने स्वतःच फेअरिंग आणि पेट्या लावलेली 'इंटरस्टेट' आवृत्ती काढली. नावातच तिथल्या महामार्गांचे नाव होते. ताठ बैठक, रुंद सीट, उंच काच. झुकून बसण्याची गरजच नव्हती, कारण त्या वेगाला वारा छाती पेलण्याइतका जोरकसही नव्हता.

जपानी कंपन्यांची गोष्ट याहून विलक्षण आहे. होंडाची 1990 ची 'एसटी 1100' ही स्पोर्ट टूररांतली आदर्श गाडी मानली जाते : 1084 सीसीचे व्ही-फोर इंजिन, शाफ्ट, गुरुत्वमध्य खाली राहावा म्हणून सीटखाली उतरवलेली 28 लिटरची टाकी. युरोपात तिचे नावच 'पॅन युरोपियन' होते. ही गाडी आली तेव्हा जपानच्या द्रुतगती मार्गांवर मोटारसायकलींना ताशी 80 ची मर्यादा होती. ती 100 झाली 2000 मध्ये. मागे माणूस बसवून त्या मार्गांवर जायला परवानगी मिळाली 2005 मध्ये. म्हणजे दोघांनी दिवसभर 150 च्या वेगाने जावे यासाठी घडवलेली गाडी ज्या देशाने बनवली, तिथे दोघांनी तिच्यावरून द्रुतगती मार्गाला लागणेही बेकायदा होते. तिचा आराम दुसऱ्यांच्या रस्त्यांच्या मापाने बेतलेला होता. यामाहाने 2001 मध्ये आणलेल्या 'एफजेआर 1300' ला बटणाने वर-खाली होणारी काच मिळाली. एकच आडोसा सर्व वेगांना पुरत नाही, ही त्या यंत्राने दिलेली कबुलीच होती.

आपल्याकडे 1955 पासून मद्रासला बनू लागलेली 350 सीसीची बुलेट ताठ बैठकीची होती आणि तिने कधी फेअरिंगची अपेक्षा ठेवली नाही. साठ-सत्तरच्या वेगाला, बैलगाड्या चुकवत जाणाऱ्या रस्त्यावर तिची बैठक बरोबरच होती. 2003 मध्ये हिरो होंडाची 223 सीसीची 'करिझ्मा' अर्ध्या फेअरिंगसह आली आणि लांब पल्ल्याच्या तरुण स्वारांनी तिला आपलेसे केले. त्यानंतर परदेशी बैठकीच्या गाड्या आल्या आणि परदेशी गुणांचे तक्तेही आले.

अशाच एका भरपूर गुण मिळालेल्या, खाली हँडलच्या मोटारसायकलवरून मी एकदा पुण्याहून कोल्हापूरला गेलो. गाडी मित्राची होती. साताऱ्यापर्यंत मजा होती. कराडच्या पुढे, गावागावांच्या गर्दीत वेग चाळीसवर आला आणि उजव्या हाताची करंगळी व अनामिका बधिर झाली. पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा ब्रेकचा दांडा बोटांना लागला की नाही हेच क्षणभर कळले नाही. गाडी थांबली, काही झाले नाही. पण आराम म्हणजे चैन नव्हे, तो ब्रेकचाच एक भाग आहे, हे त्या दिवशी पटले.

2018 च्या केंद्रीय अधिसूचनेने द्रुतगती आणि चौपदरी महामार्गांवर मोटारसायकलींची कमाल वेगमर्यादा ताशी 80 ठेवली. 80 ला वाऱ्याचा आधार 130 च्या तुलनेत चाळीस टक्केही नसतो. म्हणजे आर 100 आरएसची बैठक ज्या हिशेबावर उभी आहे, तो हिशेब इथे कायद्यानेच जुळत नाही. सुमारे 95 किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, हे राज्यातले वेगाचे दोन मोठे रस्ते दुचाकींना बंद आहेत. त्यामागे सुरक्षिततेचे कारण आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण परिणाम असा, की नागपूरला निघालेला मोटारसायकलस्वार अजूनही गावे, गतिरोधक, आडवाटेने येणारी जनावरे आणि ट्रक यांच्यामधूनच जातो. त्याच्या रस्त्याला उंच हँडल, धक्का पेलणारे सस्पेन्शन आणि बेताची काच लागते. चाकणला बनणाऱ्या बजाजच्या 373 सीसी 'डॉमिनार' ची बैठक ताठ आहे. 2021 मध्ये तिला कारखान्यातूनच उंच काच आणि हातांपुढचे आडोसे मिळू लागले. ही मापे आपल्या रस्त्याची आहेत.

युरोपातही गेल्या दोन दशकांत ग्राहक स्पोर्ट टूररकडून उंच हँडलच्या 'ॲडव्हेंचर' गाड्यांकडे वळले. वय वाढलेली मनगटे आणि ठिकठिकाणी बसलेले वेगाचे कॅमेरे, दोन्ही त्याला कारण आहेत. वेग उतरला की वाऱ्याचा आधार जातो, आणि आधार गेला की माणूस ताठ बसतो. म्हणून पुढच्या वेळी तुलनेचा तक्ता हाती आला, तर आरामाच्या रकान्याआधी आपण एक रकाना स्वतःच आखून घ्यावा आणि त्यात आपल्या नेहमीच्या रस्त्याचे नाव लिहावे.