काढणी, परसातील उन्हाळी फळांची

मार्च ते मे या काळात परसात किंवा भातकापणीनंतरच्या खाचरात तयार होणारी कलिंगड, खरबूज व आंबा ही फळे उतरवण्याचे काम. पीच व जरदाळू यांच्याप्रमाणे आंबाही वनस्पतिशास्त्रात अश्मगर्भी फळ आहे. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात या गटाचे प्रतिनिधित्व मुख्यतः तोच करतो.

फळ तोडल्यावर गोड होते की नाही, यावर काढणीची वेळ ठरते. आंब्यात पिष्ट साठलेले असते व तोडल्यानंतर त्याची साखर होते. कलिंगड-खरबुजांत असा साठा नसतो. कच्चे तोडलेले कलिंगड कच्चेच राहते. खरबूज मऊ पडते, घमघमते, पण गोडी वाढत नाही. त्यामुळे वेलावरचे फळ पुरते पिकू द्यायचे आणि झाडावरचे पिकण्याआधी काढायचे, असे दोन उलटे नियम एकाच परसात पाळावे लागतात.

कलिंगडाच्या देठाजवळचा तणावा सुकतो आणि जमिनीला टेकलेली बाजू पांढरटाची पिवळसर होते. बोटाने वाजवल्यास कच्चे फळ टणटण, तयार फळ बदबद वाजते. वाजवण्याची कसरत बाजारात सगळेच करतात. घरच्या वेलावर तणावा व पिवळा डाग अधिक भरवशाचे. काढणीपूर्वी काही दिवस पाणी तोडल्यास गोडी वाढते. उलट, कोरड्या जमिनीला एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. पाने सुकून उघडी पडलेली फळे उन्हाने करपतात, म्हणून त्यांवर पेंढा पसरतात. जाळीदार सालीच्या खरबुजाच्या देठाभोवती चीर पडते व हलक्या हाताने फळ सुटते.

हापूस ‘चौदा आणे’, म्हणजे सोळा आण्यांच्या पूर्ण तयारीला थोडी कमी असताना, काढतात. त्याचे खांदे देठाच्या वर उचलले जातात, हिरवा रंग फिकट होतो, फळ पाण्यात बुडते. पाड लागला, म्हणजे पहिली फळे झाडावरच पिकू लागली, की बाकीची जवळ आली असे समजतात. फळ झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने), 3 ते 5 सेंमी. देठ राखून उतरवतात. देठ तुटून सालीवर ओघळलेल्या चिकाने काळे डाग पडतात. जमिनीवर आपटलेला आंबा अढीत, म्हणजे पिकवण्यासाठी रचलेल्या फळांत, घालू नये; तो स्वतः कुजतो आणि शेजारच्या फळांनाही कुजवतो.

तोडणी सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर करून फळे लगेच सावलीत नेतात. हापूसमध्ये हे विशेष महत्त्वाचे: बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात पांढरट, आंबूस, स्पंजासारखा ‘साका’ निघतो, आणि तापल्या जमिनीची धग हे त्याचे एक कारण मानतात. वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ (1981) या जातीत साका आढळत नाही.

अढीत पेंढ्याच्या थरांवर हापूस साधारण 8 ते 10 दिवसांत पिकतो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. घरच्या आंब्याला ती घाई मुळात लागतच नाही.