सुप्याचे आकाश आणि पुण्याची दुर्बीण

1888 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी, मुंबई सरकारची जोड आणि प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा ध्यास यांतून डब्लिनच्या ग्रब कारखान्याची 20 इंची दुर्बीण इथे आली. पुढची कित्येक दशके देशात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी ग्रबच्याच 20 इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र घेतले आणि त्या धूसर ठिपक्याचे सर्पिल रूप जगाला दिसले. साधनांत पुणे मागे नव्हते. तरी 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त होताच वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली आणि 1950 च्या दशकापर्यंत जवळजवळ पडून राहिली. याचा दोष मी आकाशाला देणार नाही. वारस न नेमणाऱ्या व्यवस्थेला देईन.

आपल्याकडे चार महिने ढग, कोडाईकनाल उंचावर, असे कोणी म्हणेल. सूर्याच्या वेधापुरते ते मान्य, आणि ती वेधशाळा होतीही सूर्याचीच. पण देवयानी रात्रीच्या पहिल्या प्रहरी माथ्यावर येते ती कार्तिक-मार्गशीर्षात, आणि नेमका तेव्हाच तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो. उलट नगर रस्त्यावरचे सुपे घ्या. पारनेर तालुक्याचे हे पठार सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. ज्या कोरडेपणाने इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ दाखवला, त्यानेच दिवाळीनंतरचे आकाश निरभ्र ठेवले. देवयानी इथे माथ्यापासून उत्तरेला सुमारे 22 अंशांवरून जाते. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी तळ ठोकला तो अशाच कोरड्या मुलखात, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच आले होते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी ऑक्टोबर 1923 मध्ये देवयानीत ओळखलेला सेफीड जातीचा रूपविकारी तारा माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीने टिपला. 20 इंची आरशाला तो झेपला नसता. हे खरेच. मात्र त्या छायाचित्राची काच नीट पाहावी. ताऱ्याजवळ आधी नवतारा म्हणून ‘एन’ लिहिलेले आहे, मग ते खोडून ‘व्हार!’, म्हणजे रूपविकारी. हा निर्णय झाला तो जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर. 1917 मध्ये माउंट विल्सनच्याच रिची यांना एका सर्पिल तेजोमेघात नवतारा सापडला, तेव्हा त्यांनी आधीच्या काचा चाळल्या आणि देवयानीतलेही नवतारे निघाले, 1909 मध्येच टिपले गेलेले. असले तेजस्वी नवतारे 20 इंची दुर्बिणीलाही गाठता आले असते, फक्त वर्षानुवर्षे काचा जमवणारे हात हवे होते. नायगमवाला वर्णपटाचे माणूस. 1891 मध्ये त्यांनी मृगातल्या तेजोमेघाच्या मुख्य रेषेचा वेध घेऊन लॉकियर यांच्यासारख्या मातब्बराच्या मताविरुद्ध पुरावा मांडला. अध्यापन, ग्रहणे, वर्णपट, आणि वर छायाचित्रांचा साठा, हे एकट्याने व्हायचे नव्हते. त्यांच्यामागून काम चालवणारा माणूस तयार करणे सरकारच्या हाती होते आणि ते केले गेले नाही. पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था मिळाली 1988 मध्ये आणि तिची दोन मीटरची दुर्बीण गिरवलीला उभी राहिली 2006 मध्ये, म्हणजे तख्तसिंहजी वेधशाळा मिटल्यानंतर 94 वर्षांनी.