घराच्या कपाळावरचा आकडा : ॲमस्टरडॅममधील कपाटांची वाट

१/ ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी उभे राहून वर पाहिले, तर जवळपास प्रत्येक जुन्या घराच्या माथ्यातून एक तुळई बाहेर आलेली दिसते. तिच्या टोकाला लोखंडी आकडा. नवख्याला तो फासाचा खांब वाटावा. प्रत्यक्षात कपाटे, पलंग आणि पियानो घरात नेण्याचा तो राजमार्ग आहे. दार माणसांसाठी, खिडकी सामानासाठी, अशी येथील वाटणी.

२/ १६१३ पासून शहराभोवती नवे कालवे खोदले गेले आणि काठची जमीन आखून विकली गेली. नेहमीचा भूखंड ३० ॲमस्टरडॅमी फूट, म्हणजे सुमारे साडेआठ मीटर रुंद. लांबी मात्र त्याच्या कितीतरी पट. जुन्या वस्तीत तर आउडे होखस्ट्राटवरील २२ क्रमांकाचे घर जेमतेम २ मीटर रुंद आहे. अरुंदपणाचे सारे खापर वाटाडे दर्शनी रुंदीवरील करावर फोडतात. कथा चटपटीत आहे. पण काठाची जागा मोलाची, जमीन दलदलीची आणि प्रत्येक भिंतीखाली लाकडी खुंट ठोकणे भाग, हेही विसरता येत नाही. दाम चौकातील राजवाड्याखाली असे १३,६५९ खुंट आहेत. (लक्षात ठेवण्याची युक्ती : वर्षाचे दिवस ३६५, आधी १, मागे ९.)

३/ रुंदी अशी मोजकी असली की पहिला बळी जिन्याचा जातो. येथील जिने शिडीइतके उभे, वळणाचे. कठड्याऐवजी कित्येकदा दोरच. माणूस चढतो, कपाट वळणावर अडकते.

४/ आणि कपाटे काही लहान नव्हती. सतराव्या शतकातील श्रीमंत डच घरात ओक लाकडाचे, आबनुसाने मढवलेले, गोल पायांचे अवाढव्य कपाट ही प्रतिष्ठेची खूण असे. घडीच्या पांढऱ्याशुभ्र कापडाच्या चळती त्यात राहत. पलंगाचा प्रश्न अनेकांनी वेगळाच सोडवला : भिंतीतच लाकडी कोनाडा करून त्यात अंथरूण घातले. जो पलंग हलवायचाच नाही, त्याला जिन्याची भीती कसली?

५/ आकडा मुळात सामानासाठी नव्हता, मालासाठी होता. व्यापारी खाली राहत आणि माळ्यावर माल साठवत. ओल आणि पूर तेथे पोहोचत नसत. मिरी, कापड, धान्य होडीतून थेट वर जाई. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराने हे शहर फुगले. त्याच कंपनीच्या वेंगुर्ल्यातील वखारीचे अवशेष आजही उभे आहेत.

६/ यंत्र साधेच. एकट्या कप्पीने बळ वाचत नाही, केवळ ओढण्याची दिशा बदलते; म्हणून जड ओझ्याला अनेक कप्प्यांचा जोड लावतात. गोदामांच्या माळ्यावर मोठे लाकडी चाक असे. चाकाचा घेर मोठा, आसाचा लहान, त्यामुळे थोड्या ताकदीत गोणी वर येई. खाली एक जण दुसरा दोर ताणून ओझे भिंतीपासून दूर धरी. वर खिडकीची चौकट काढून दोघे हात पसरून तयार.

७/ कित्येक घरे रस्त्याकडे किंचित झुकलेली दिसतात. हा झुकाव बांधतानाच दिलेला आहे. ओझे भिंतीवर आपटू नये हे एक कारण. लाकडी घरांच्या पुढे येणाऱ्या मजल्यांची जुनी सवय आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी हीही कारणे सांगतात. शेजाऱ्यावर रेलणाऱ्या घरांचे मात्र कौतुक नको. तेथे बहुधा खालचे खुंट खचलेले असतात.

८/ नाझी आमदनीत या शहराने सामान उतरताना पाहिले. ज्यू कुटुंबांना छळछावण्यांकडे नेले की त्यांची घरे रिकामी केली जात. आब्राहाम पुल्स या नाझीधार्जिण्या माणसाच्या वाहतूक कंपनीने हे काम इतके केले, की डच भाषेत ‘पुल्सन’ हे क्रियापदच रूढ झाले : घर धुऊन नेणे. पिढ्यान्‌पिढ्यांची कपाटे, खुर्च्या, पाळणे जर्मनीत बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या शहरांकडे रवाना होत.

९/ प्रिन्सनग्राख्त २६३ हे १६३५ चे घर. त्याच्या मागच्या भागात १९४२ च्या जुलैत ॲन फ्रँकचे कुटुंब लपले. सामान आधीपासून गुपचूप थोडेथोडे आणलेले होते. ऑगस्टमध्ये योहान फोस्काउल यांनी तेथील दारापुढे बिजागरीवर फिरणारे पुस्तकांचे कपाट बसवले. अवघ्या शहरात दाराला अडथळा ठरणारे कपाट येथे मुद्दाम दारात उभे केले गेले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्वांना अटक झाली आणि त्यानंतर खोल्यांतील सामान उचलून नेण्यात आले.

१०/ १९६० मध्ये हे घर संग्रहालय म्हणून खुले झाले. वडील ऑटो फ्रँक एकटेच जिवंत परतले होते. त्यांच्या इच्छेनुसार त्या खोल्यांत पुन्हा सामान मांडलेले नाही. ते फिरते कपाट मात्र अजून तेथेच आहे.