खोलीत उजेड किती हवा? साडेत्रेसष्ट अंशांचा हिशेब

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर रेषा काढा. समोरची इमारत तिच्या आड येऊ नये. थोडक्यात, समोरची इमारत ४० फूट उंच असेल, तर मध्ये २० फूट मोकळी जागा हवी.

आपल्या गोराईत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने छोटे भूखंड दिले. पुढे बैठ्या घरांवर मजले चढले, गल्ल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. दहा फुटी गल्लीसमोर वीस फुटांहून उंच घर असेल, तर हा नियम मोडतो आणि तळमजला अंधारतो.

ट्यूबलाइटने दिसते, पण क्षयाचे जंतू मरत नाहीत. थेट उन्हात ते मरतात, हे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्येच सांगितले होते. म्हणून खिडकीपुढचे सामान हलवा, दिवसा खिडकी उघडी ठेवा. मात्र दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर उजेडावर विसंबू नका. थुंकी तपासून घ्या.