जळालेल्या जहाजाची वस्ती

इतिहासाला पुरावा लागतो. राजवाडे-खऱ्यांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. अस्सल कागद दाखवा, मग बोला, ही आपली शिस्त. शिस्त चांगलीच आहे. पण ज्यांचा पुरावा कोणी मुद्दाम जाळून टाकला, त्यांनी काय करायचे? अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात मोबील नावाचे बंदर आहे. त्याच्या उत्तरेला तीनएक मैलांवर आफ्रिकाटाऊन ही काळ्या लोकांची वस्ती आहे. तिच्यावर हाच प्रसंग आला, आणि एकदा नव्हे, दोनदा आला.

परदेशातून गुलाम आणण्याला अमेरिकेत १८०८ पासूनच कायद्याने बंदी होती. तरीही टिमोथी मीहर या मोबीलच्या धनाढ्य जहाजवाल्याने, सरकारच्या नाकावर टिच्चून गुलाम आणून दाखवतो, अशी पैज मारली, असे सांगतात. १८६० च्या जुलैत त्याचे ‘क्लोटिल्डा’ जहाज पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीच्या किनाऱ्यावरून सुमारे ११० माणसे कोंबून मोबीलच्या खाडीत शिरले. माणसे रातोरात उतरवली आणि जहाजाला काडी लावून बुडवले. खटले उभे राहिले. पण जहाज नाही, माणसे सापडत नाहीत, मग ते टिकणार कसे? शिक्षा कोणालाच झाली नाही.

पाच वर्षांनी यादवी युद्ध संपले आणि हे लोक मोकळे झाले. त्यांना घरी परतायचे होते. पण भाड्याला पैसा कुठला? मग ते मीहरकडेच गेले : तू आम्हांला आणलेस, आता राहायला थोडी जमीन दे. त्याने साफ नकार दिला. तेव्हा पुरुष लाकडाच्या गिरण्यांत राबले, बायकांनी भाजीपाला विकला, आणि पै पै जमवून जमिनी विकत घेतल्या. त्यांच्यातला कोसोला नावाचा तरुण, ज्याला पुढे कडजो लुईस म्हणू लागले, त्याने १८७२ साली १०० डॉलर मोजून दोन एकर घेतले, तेही मीहर कुटुंबाकडूनच! याच्या पुढच्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना ती अर्पण केली. मुक्ती झाली होती हे खरेच. पण मुक्त माणसाला पाय टेकायला जागा कशी मिळत होती, ते हे दोन एकर सांगतात.

त्यांनी देऊळ म्हणा, चर्च म्हणा, बांधले, शाळा काढली, आपल्यातलीच वडीलधारी माणसे न्यायनिवाड्याला नेमली. आपल्या गावगाड्याची आठवण व्हावी असा तो कारभार होता. घरात मात्र मायदेशाच्या गोष्टी चालत. जहाजाची हकिगत आजीने नातवाला सांगावी आणि नातवाने आपल्या मुलांना, हीच त्यांची बखर.

झोरा नील हर्स्टन ही काळी लेखिका १९२७-२८ च्या सुमारास म्हाताऱ्या कोसोलाला भेटली आणि त्याच्याच बोलीत तिने त्याची कहाणी उतरवून घेतली. प्रकाशक म्हणाले, भाषा शुद्ध करा. म्हणजे वऱ्हाडी आजोबाच्या तोंडी पुणेरी घाला म्हणण्यासारखेच की हे! तिने ऐकले नाही, आणि ‘बराकून’ हे पुस्तक छापून यायला २०१८ साल उजाडले. कोसोला १९३५ सालीच वारला होता.

बाहेरच्या शाळांत काय शिकवत होते? १९५७ साली अलाबामातल्या चौथीच्या मुलांसाठी एक पाठ्यपुस्तक निघाले. अलाबामाची ओळख करून घ्या, अशा अर्थाचे त्याचे नाव. त्यातला मळ्यावरचा गुलाम सुखी होता, धनी मायाळू होता. ज्या मुलाची पणजी क्लोटिल्डाच्या तळघरातून आली होती, त्याने घरचे खरे मानायचे की पुस्तकातले? माझ्या मते शिक्षणाचा प्रश्न यापेक्षा अवघड होत नाही.

आता दुसरा प्रसंग. १९२० नंतरच्या दशकाअखेर या वस्तीला लागूनच कागदाची प्रचंड गिरणी उभी राहिली, पुढे आणखी एक आली. रोजगार मिळाला, हे नाकारून चालणार नाही. १९६० च्या सुमारास इथे बाराएक हजार माणसे राहत होती. पण वास यायचा, आणि दोरीवरच्या कपड्यांवर, मोटारींवर राखेचा थर बसायचा, असे जुने रहिवासी सांगतात. मोठी गिरणी २००० साली बंद पडली. मागे राहिली ती कर्करोगाने गेलेल्या शेजाऱ्यांची घराघरातली मोजदाद. शहराने रुंद रस्ता आणि पूल नेला तो दुकानांच्या पेठेतूनच. वस्ती आता दोनएक हजारांवर आली आहे. २०१७ साली रहिवाशांनी गिरणीवाल्या कंपनीवर दावा लावला. राखेने आजार झाला, हे कोर्टात शाबीत कसे करायचे? पुन्हा तेच : कागद आणा. कागदाच्या गिरणीशेजारी राहूनही यांच्यापाशी कागद तेवढा नव्हता!

गिरणी तिथेच का आली, असे विचाराल, तर उत्तर सातबाऱ्यात शोधावे लागेल. आजूबाजूची पुष्कळ जमीन मीहर घराण्याकडेच राहिली होती. मतदानाचा हक्क नावापुरता, नगरपालिकेत आवाज नाही. अशांच्या दाराशी धुराडे उभारायला कोणाची परवानगी लागते?

२०१९ च्या मे महिन्यात अलाबामाच्या इतिहास आयोगाने जाहीर केले की, मोबील नदीच्या गाळात सापडलेले जळके जहाज क्लोटिल्डाच आहे. शंभरावर वर्षे ज्यांच्या बोलण्याला अनेक जण दंतकथा म्हणत होते, त्यांचे म्हणणे लाकडानिशी खरे ठरले. २०२२ साली मीहर घराण्यातल्या काहींनी पूर्वजाच्या कृत्याचा जाहीर निषेध केला. २०२३ च्या जुलैत वस्तीतच एक छोटे संग्रहालय उघडले. तिथे त्या जहाजाच्या लाकडाचे तुकडे पाण्याच्या टाकीत ठेवले आहेत. हवा लागली की ते खराब होतात.